रंगांची बेरीज होत नाही

बोईसरच्या बाजारात सध्या एक सल्ला फुकट मिळतो. सॉफ्टवेअर विकायला येणारा पोरगा तो देतो, त्याचं ऐकून सीएच्या ऑफिसातला आर्टिकल देतो, आणि आता तर व्यापारी एकमेकांनाच देऊ लागलेत: पार्ट्यांना रंग द्या. वेळेवर पैसे देणारी पार्टी हिरवी, रखडवणारी पिवळी, बुडवणारी लाल, नवी निळी, साहेबांच्या ओळखीची जांभळी. स्क्रीन उघडली की रंगपंचमी. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "एका नजरेत सगळा धंदा दिसतो, शेठ."

मला या वाक्याचा प्रतिवाद करायचा आहे. रंगाशी माझं वैर नाही. हाताने लावलेल्या रंगाला लोक नोंद म्हणायला लागले आहेत, भांडण त्याच्याशी आहे. रंग हे मत असतं. ते कोणाचं, कोणत्या दिवशीचं आणि कशावरून बनलं, यातलं काहीही त्या ठिपक्यात मावत नाही. आणि धंद्यात नेमकं तेवढंच विचारलं जातं.

रंगवाल्यांची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तारापूर एमआयडीसीच्या आसऱ्याने जगणारे शेकडो छोटे पुरवठादार आहेत. कोणी व्हॉल्व्ह आणि गास्केट देतो, कोणी ड्रम, कोणी हातमोजे आणि मास्क, कोणी टेम्पो, कोणी कँटीनचा शिधा. दुकानात मालक, एक पुतण्या आणि आठवड्यातून दोनदा येणारा अकाउंटंट. फोन दिवसभर वाजतो. सॉफ्टवेअरमध्ये पार्टीचं पान उघडून उधारीची मुदत, मर्यादा, पर्चेसवाल्याचं नाव, शेवटचं बोलणं, हे सगळं भरायला कोणाला वेळ आहे? रंग मात्र एका बोटाने लागतो. काहीच नसण्यापेक्षा रंग बरा, असं ते म्हणतात.

एका बोटाने लागतो, हीच तर गोम आहे. जुन्या रोजकीर्दीत ओळ लिहायची तर तारीख घालावी लागे, नाव घालावं लागे, रक्कम जमेला की नावे हे ठरवावं लागे, तपशिलात चार शब्द खरडावे लागत. तेवढ्यात लिहिणाऱ्याला विचार करावा लागे. रंग लावताना विचार करावा लागत नाही. परवा फोनवर पार्टीचा माणूस उद्धट बोलला म्हणून ती लाल झाली, असंही होतं. आणि सहा महिन्यांनी तो लाल ठिपका पाहणाऱ्याला वाटतं की पैसे बुडालेत.

एक्सेल वापरणाऱ्यांनी एक प्रयोग करून बघावा. दोनशे ओळींतल्या पन्नास पिवळ्या करा आणि सूत्राला विचारा, पिवळ्या पार्ट्यांकडे एकूण येणं किती? सूत्र गप्प. सेलमध्ये काय लिहिलंय ते सुमइफला कळतं, सेल कशाने रंगवलाय ते कळत नाही. रंगाची चाळणी लावून खालची बेरीज उतरवून घेता येते, 2007 च्या आवृत्तीपासून ती सोय आहे. पण ती त्या क्षणापुरती बेरीज. संध्याकाळी पुतण्याने तीन ओळी पांढऱ्या केल्या तर सकाळचा आकडा कशाचा होता हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

बोईसरमध्येच एका व्हॉल्व्ह-गास्केटच्या दुकानातली गोष्ट. वडिलांच्या वहीत काही कंपन्यांपुढे "रेड" असं लिहिलेलं. अर्थ सरळ होता: प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल वर्गातला कारखाना, म्हणजे ॲसिड, म्हणजे टेफ्लॉन अस्तराचे व्हॉल्व्ह, म्हणजे वर्षभर खात्रीचं गिऱ्हाईक. मुलाने वही सॉफ्टवेअरमध्ये चढवली आणि "रेड"चा लाल ठिपका झाला. पुढे एक नवा माणूस कामाला लागला. तो आधी वसईच्या ज्या ऑफिसात होता तिथे लाल म्हणजे "माल सोडू नका". एका कारखान्याचा शटडाऊन होता, ऑर्डर आली, त्याने थांबवून ठेवली. दोन दिवसांनी माल वापीहून आला. दुकानातलं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक दुकानातल्याच रंगाने घालवलं. तिघांचीही चूक नव्हती. लाल रंगाचा अर्थ तिघांनी तीन ठिकाणी शिकला होता.

या बाबतीत तारापूरकरांना शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. रंगांनी नोंदी लावण्याचा देशातला सगळ्यात मोठा उद्योग त्यांच्याच दारात चालतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016 साली उद्योगांची नवी वर्गवारी केली: लाल वर्गात 60 प्रकारचे उद्योग, केशरीत 83, हिरव्यात 63 आणि नव्याने आलेल्या पांढऱ्यात 36. एमआयडीसीत कोणालाही विचारा, तो आपला कारखाना कुठल्या कॅटेगरीत हे झोपेत सांगेल. पण ही वर्गवारी कशी झाली ते बघा. मंडळाने आधी रंग वाटले नाहीत. हवेत काय सोडता, पाण्यात काय सोडता, घातक कचरा किती, यावरून प्रत्येक उद्योगप्रकाराला शंभरपैकी गुण दिले. 60 आणि वर लाल, 41 ते 59 केशरी, 21 ते 40 हिरवा, 20 पर्यंत पांढरा. आकडा आधी, रंग नंतर. आकड्यावर वाद घालता येतो, अर्ज करता येतो, मोजणी पुन्हा मागता येते. 2025 साली मंडळाने रेषा सरकवल्या, लाल 80 पासून सुरू झाला, आणि कचरा-सांडपाणी निस्तरणाऱ्या सेवांसाठी निळा नावाचा पाचवा वर्ग आला. धुराडं तेच, सांडपाणी तेच, रंग बदलू शकतो. आकड्याचा हिशेब कागदावर होता म्हणून हा बदल समजावून तरी सांगता आला. नुसता रंगच असता तर काय सांगणार होते?

एवढं करूनही दंड आकारायची वेळ आली तेव्हा रंग पुरला नाही. पर्यावरणीय भरपाईसाठी मंडळाने जे सूत्र केलं त्यात पाच गोष्टींचा गुणाकार आहे: प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, कारखान्याचा आकार, रुपयांचा गुणक आणि जागा. रंग त्यातल्या पहिल्याच पदात शिरतो, तोही आकडा होऊन: लालसाठी 80, केशरीसाठी 50, हिरव्यासाठी 30. पुढची चार पदं रंगाला ठाऊकच नसतात. त्यातलं दुसरं पद, दिवस, सगळ्यात जड. एक दिवस घाण सोडणारा लाल कारखाना आणि दोनशे दिवस सोडणारा केशरी कारखाना, यांत भरपाई कोणाची जास्त निघेल हे शेंबडं पोरही सांगेल. आणि प्रदेशाचा हिशेब झाला तेव्हाही तारापूरला कोणी नुसतं लाल म्हणून सोडलं नाही. 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात पहिलं आलं. नवापूर, मुरबे, आलेवाडीच्या मच्छीमारांना हा आकडा हातात धरून भांडता येतं. ठिपका हातात धरून भांडता येत नाही.

आता "एका नजरेत दिसतं" या मुद्द्याकडे येतो. दिसतं काय? समजा तुम्ही जॉबवर्क करता, सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे, आणि एका कारखान्याकडे तुमचं बिल अडकलंय. त्या एका बिलामागे निदान तीन घड्याळं चालू असतात. पहिलं 45 दिवसांचं. 2006 च्या सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी त्यापलीकडे मुदत देता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. मुदत टळली की तुम्हाला बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. 2023 मध्ये आयकर कायद्यात आलेल्या 43बी(एच) या कलमाने तर घेणाऱ्यालाच चिमटा काढला: मुदत टळलेलं बिल प्रत्यक्ष चुकतं होईपर्यंत त्याला तो खर्च वजावटीत धरता येत नाही. म्हणूनच मार्चमध्ये पर्चेसवाले स्वतःहून फोन करायला लागले, ही गोष्ट बोईसरमधल्या कोणत्याही फॅब्रिकेटरला विचारा. (नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला याचा फायदा नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं, रंगाचा सल्ला देणारे ते सांगत नाहीत.)

दुसरं घड्याळ 180 दिवसांचं. बिलाच्या तारखेपासून तेवढ्या दिवसांत पैसे चुकते केले नाहीत तर घेणाऱ्याला जीएसटीचं घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. वसुलीला बसलेल्या माणसाच्या हातातलं हे दुसरं हत्यार, आणि तेही नेमक्या तारखेलाच धार धरतं. तिसरं घड्याळ तीन वर्षांचं, मुदतीच्या कायद्याचं. ते संपलं की दाव्याचा दरवाजा बंद. मात्र त्याआधी पार्टीने येणं कबूल करून सहीनिशी लिहून दिलं असेल, तर तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात.

पिवळा ठिपका 44 व्या दिवशी पिवळा असतो, 46 व्या दिवशी पिवळा असतो, 181 व्या दिवशी पिवळा असतो आणि तीन वर्षं उलटून एक दिवस झाला तरी पिवळाच असतो. तिन्ही घड्याळं बंद पडली आणि रंग मात्र ताजा. मग एका नजरेत दिसलं काय? पार्टी रखडवते, एवढंच ना? ते तर शेठला रंगाशिवायही माहीत होतं. जे माहीत नव्हतं, म्हणजे परवा कोणत्या बिलाची कोणती मुदत संपतेय, ते रंगाने झाकलं. टॅलीसारख्या पॅकेजमध्ये बिलवार येणं आणि त्याचं वय दाखवणारा रिपोर्ट वर्षानुवर्षं आहे. तो रंगीत नाही, रूक्ष आहे, आणि त्यासाठी पावती नोंदवताना पैसे कोणत्या बिलापोटी आले हे सांगावं लागतं. लोक तेवढं टाळतात, सगळं "ऑन अकाउंट" टाकतात, आणि मग रंग लावत बसतात.

कोणी म्हणेल, रंग आणि तारीख दोन्ही ठेवू. ठेवा. पण माणसाचा स्वभाव बघा. समोर ठिपका असला की तारीख बघायला कोणी आत जात नाही. काहीच नसतं तर निदान विचारलं असतं, "यांचं काय आहे हो?" ठिपका तो प्रश्न गिळतो. म्हणून "काहीच नसण्यापेक्षा बरं" हा युक्तिवाद मला मान्य नाही. कोऱ्या जागेने कधी कोणाला फसवलेलं नाही.

हे फक्त दुकानांचं दुखणं आहे असं वाटत असेल तर थोडं पूर्वेला, जव्हार-मोखाड्याकडे बघू. महाराष्ट्र सरकारने 1 मे 1999 पासून शिधापत्रिकांना तीन रंग दिले. वर्षाला 15 हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त तर पांढरी. ग्राहकाच्या नोंदीला रंगाची चिकटपट्टी लावण्याचा इतका मोठा प्रयोग राज्यात दुसरा झाला नसेल. कल्पना वाईट नव्हती. रेशन दुकानदाराला कार्ड हातात घेतल्याबरोबर कळावं, हाच हेतू. पण उत्पन्न दरवर्षी बदलतं आणि कार्डाचा कागद बदलत नाही. घरातला कर्ता मुलगा वसईला कामाला लागला, कार्ड पिवळं. दुसऱ्या घरात कर्ता गेला, कार्ड केशरी. मर्यादेचे आकडे 1999 चे, महागाई त्या त्या वर्षाची. मग 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि 1 फेब्रुवारी 2014 पासून राज्यात लागू झाला. त्यात धान्य कोणाला, तर अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांना. केशरी कार्डवाल्यांतून प्राधान्य कुटुंबं निवडायला ग्रामीण भागात 44 हजार आणि शहरात 59 हजार अशी नवी रेषा आखली गेली. झालं काय? एकाच गल्लीत दोन केशरी कार्डं, एकावर धान्य मिळतं, दुसऱ्यावर नाही. दुकानदाराला रंग बघून काहीच कळेना, म्हणून कार्डावर शिक्का आला. शिक्का म्हणजे शब्द. रंगाने जे सांगायचं होतं ते शेवटी शब्दालाच सांगावं लागलं. आणि केशरी कार्ड असूनही धान्य का नाही, हे विचारायला तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बाईला रंगाने काय दिलं? एक गैरसमज दिला.

याउलट एक शब्दांतली चूक घ्या. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आजही कित्येक कंपन्यांच्या याद्यांत "बोईसर, जि. ठाणे" असंच छापून येतं. चीड आणणारी चूक आहे, पण ती शोधता येते. "ठाणे" शोधा, तालुका बघा, बदला. दुपारच्या जेवणाआधी संपेल. ठिपक्यांच्या यादीत असं काय शोधणार? "चुकीने लाल झालेले" असा शोध घेता येत नाही, कारण चूक कशाशी ताडून बघायची तेच कुठे लिहिलेलं नसतं.

रंगवाल्यांचा एक युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो. म्हणे, दुकानातली पोरं फार शिकलेली नाहीत, त्यांना रंगच कळतो. ही पोरं दिवसभर काय करतात ते बघितलंय का? चलनावरचा बॅच नंबर ड्रमवरच्या बॅच नंबराशी ताडतात, ई-वे बिलाची मुदत बघतात, गाडीचा नंबर लिहून घेतात. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळणाऱ्या ॲसिडच्या टँकरची मागची बाजू बघा. तिथे धोक्याच्या चिन्हाचा चौकोन असतो हे खरं, पण त्याच्या शेजारी केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार लावलेली पाटी असते आणि तिच्यावर आकडे असतात: 1830 म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. आग लागली, टँकर उलटला, तर येणारा जवान तो आकडा वाचतो. जिवावरच्या कामात कोणी नुसत्या रंगावर विसंबत नाही. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल हे सगळे त्याच पाट्यांमध्ये वावरतात. त्यांना अडाणी ठरवून विकला जाणारा सोपेपणा खरा मालकाच्या आळसासाठी असतो.

डोळ्यांचाही प्रश्न आहे. लाल-हिरव्यातला फरक न ओळखणारे पुरुष बायकांपेक्षा कितीतरी अधिक असतात, आणि त्यातल्या अनेकांना ते स्वतःला माहीत नसतं. रेल्वे इंजिनचालक घेताना डोळ्यांची रंगचाचणी घेते. अकाउंटंट घेताना कोण घेतो? वेबपानांच्या सुलभतेचे जे जागतिक निकष आहेत त्यांत 2008 पासून लिहिलेलं आहे की माहिती फक्त रंगातून देऊ नये. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे पाठ असतं. विकणाऱ्यांना नसतं.

तारापूरमध्ये कापडाची प्रोसेसिंग हाउसं आहेत आणि रंगद्रव्यांची इंटरमीजिएट्स बनवणारे कारखाने आहेत. रंग हाच ज्यांचा धंदा, त्यांच्याकडे जाऊन नुसतं "लाल" म्हणून ऑर्डर देऊन बघा. हसतील. तिथे शेड नंबर असतो, लॅब डिप असते, गिऱ्हाइकाने मंजूर केलेला तुकडा असतो, तोही ठरलेल्या दिव्याच्या पेटीत बघून मंजूर केलेला. कारण ट्यूबलाइटखाली जुळणारे दोन तुकडे उन्हात वेगळे दिसतात. मग यंत्र दोन शेडमधला फरक आकड्यात सांगतं आणि तो आकडा मर्यादेबाहेर गेला तर लॉट परत. रंगाच्या बाबतीत डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे ज्या वसाहतीत रोज पाळलं जातं, तिच्याच वेशीवरची दुकानं गिऱ्हाइकाची पत डोळ्याला दिसणाऱ्या रंगावर ठरवू लागली आहेत.

आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. जे शब्दांत लिहायची लाज वाटेल ते रंगात लिहिता येतं. पार्टीच्या नोंदीत "हा अमक्या समाजाचा आहे, उधारी देऊ नका" असं कोणी टंकणार नाही. कोणी वाचलं तर काय, ही भीती असते. पण त्याच समजुतीने राखाडी ठिपका लावला तर कोणाला काय कळतंय? परप्रांतीय ठेकेदार, आदिवासी पाड्यावरचा वाळूवाला, बाई मालक असलेलं युनिट, यांना न विचारता, न सांगता, एखादा फिका रंग मिळतो आणि त्या रंगावरून पुढच्या माणसाने आगाऊ रक्कम मागितलेली असते. शब्दांत लिहिलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, हे कशावरून? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीला तिच्याबद्दल काय साठवलंय हे विचारण्याचा हक्क दिला आहे. उद्या एखाद्या एकट्या ठेकेदाराने विचारलंच, तर "आमच्याकडे तुम्ही राखाडी आहात" हे उत्तर देणार का?

मग रंग कुठेच नको? तसं मी म्हणत नाही. महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि गठ्ठे वर्गानुसार वेगवेगळ्या रंगाच्या कापडात बांधायची रीत आहे. ती चालते. का चालते? अ म्हणजे कायम ठेवायचं, ब म्हणजे तीस वर्षं, ड म्हणजे वर्षभराने नष्ट करायचं, हे नियमात आधी ठरलेलं असतं. कारकुनाला सकाळच्या मूडप्रमाणे कापड निवडता येत नाही. आत यादी असते, तिच्यावर वर्ष असतं. कापड फाटलं आणि दुसऱ्या रंगाचं लागलं तरी यादी वाचून गठ्ठा पुन्हा जागेवर लागतो. लोकलच्या मार्गावरचा स्वयंचलित सिग्नलही तसाच. तो लाल होतो कारण पुढच्या रुळावर गाडी उभी असल्याचं विजेच्या सर्किटला कळतं. कोणी माणूस येऊन तो रंगवत नाही. गाडी पुढे सरकली की रंग आपोआप उतरतो.

सॉफ्टवेअरमध्येही एवढंच हवं. बिलाची तारीख, ठरलेली मुदत, आलेली रक्कम हे माणसाने भरावं. 40 वा दिवस उलटला की ओळ पिवळी आणि 45 वा उलटला की लाल, हे यंत्राने करावं. पैसे जमा झाले की रंग यंत्रानेच काढावा. ही सोय स्वस्तातल्या पॅकेजमध्येही सापडते, एक्सेलमध्ये तर फुकट आहे. तिला कोणी विरोध केला तर मी रंगाच्या बाजूने उभा राहीन. आणि जे यंत्राला मोजता येत नाही, उदाहरणार्थ पर्चेसवाला बदलला, मालकांत वाटणी चाललीय, युनिटला मंडळाची बंदची नोटीस लागलीय, ते तारखेसकट एका वाक्यात लिहावं. "12 ऑगस्ट: भावाभावांत वाद, चेकवर दोघांची सही लागते, थोरल्याशी बोलावं." या वाक्याला कुठला रंग पुरेल?

कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला 1 एप्रिल 2023 पासून एक बंधन आहे: कोणती नोंद कोणी, कधी बदलली याचा माग त्यात राहिलाच पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. मालकीच्या दुकानाला हे बंधन नाही. पण पुढच्या वेळी टॅब्लेट घेऊन पोरगा आला आणि रंगीत स्क्रीन दाखवायला लागला, तर एका लाल पार्टीवर बोट ठेवून विचारायला काय हरकत आहे: हा लाल कोणी लावला, कोणत्या तारखेला, आधी कोणता होता, आणि कोणत्या बिलापायी? चारपैकी दोन उत्तरं आली तर बोलणं पुढे न्या. "तसं दिसत नाही शेठ, पण रंग पाहिजे तो निवडता येतो" असं म्हणाला, तर चहा पाजा आणि पुढच्या दुकानात जाऊ द्या.